ऑफिसातला पिलात

आमच्या कचेरीत एक क्रियापद वापरतात. ते कोणत्याही मराठी कोशात सापडणार नाही. ‘पिलात करणे’. एखादी फाइल आपल्याच टेबलावर निकाली काढता येत असूनही ‘अभिप्रायार्थ सादर’ असा शेरा मारून ती दुसऱ्या कार्यालयाकडे ढकलली, की ती फाइल ‘पिलात झाली’. रोखपाल हा शब्द वापरतात, शिपाईमामा वापरतात. परवा तर पश्चिम महाराष्ट्रातून नव्यानेच बदलून आलेल्या एका बाबूंनीही तो वापरला. हा पिलात कोण, हे त्यांच्यातल्या निम्म्यांना ठाऊक नाही. ‘पिलावळ’ या शब्दाशी त्याचे काही नाते असावे, असा रोखपालांचा तर्क होता!

मला ठाऊक आहे, कारण हा शब्द त्या कचेरीत माझ्या बाबांनी आणला.

बाबा तिथे वीस वर्षांहून अधिक काळ कारकून होते. २०२१ च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ते गेले. ईस्टर होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. पुढे दोन वर्षांनी अनुकंपा तत्त्वावर मला त्याच कार्यालयात लिपिक-टंकलेखकाची जागा मिळाली. बी.कॉम. झाले होते, मिनिटाला ३० शब्दांची मराठी टंकलेखनाची परीक्षा झाली होती. देवाच्या आणि शासनाच्या कृपेने (आमच्याकडे ही दोन नावे एका दमात घेतात) नोकरी लागली. आता सकाळचे वर्ग करून मराठीत एम.ए. करण्याची हौस भागवते आहे आणि पावणेदहाच्या आत हजेरी लावायला रोज धावते आहे. वर्गातली माझी डुलकी मैत्रिणींच्या परिचयाची आहे. प्राध्यापकांच्याही असावी, पण ते सौजन्याने बोलत नाहीत.

तर सांगायची गोष्ट अशी, की कचेरीत गेल्यावर मला माझे बाबा नव्याने भेटले, आणि ते मी ओळखत होते त्या बाबांसारखे मुळीच नव्हते.

आमचे घर चांद्याला. (‘चंद्रपूर’ म्हणायची सवय आमच्या घराला अजून लागलेली नाही.) बाबांची नोकरी गडचिरोलीला. मूल, सावली, व्याहाड, मग वैनगंगेचा पूल. हा रस्ता त्यांनी किती वेळा केला असेल, देव जाणे. शनिवारी संध्याकाळच्या एस.टी.ने घरी यायचे आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परत. त्यामुळे आम्हा भावंडांच्या वाट्याला आले ते शनिवार-रविवारचे बाबा. थकलेले, मोजके बोलणारे. शनिवारी रात्री कुटुंबप्रार्थना. ‘उपासना संगीता’तले एक गीत, बहुधा रेव्हरंड टिळकांचे, मग शास्त्रवाचन, मग आईची लांबलचक प्रार्थना, शेवटी बाबांची दोन वाक्यांची. रविवारी चर्च, दुपारी मटण, संध्याकाळी कपड्यांना इस्त्री. बाबा म्हटले की मला इस्त्रीचा वास आठवतो.

एकदा प्रार्थना चालू असताना आमच्या मांजरीने फडताळावरून थेट आईच्या डोक्यावर उडी मारली. आम्ही दोघे भावंडे फुटलो. बाबा तडक उठून अंगणात गेले. आम्हाला वाटले, फार रागावले. आज मला वाटते, ते बाहेर हसायला गेले असावेत. आईला परवा विचारले. ती म्हणाली, “नाही ग, रागावलेच होते.” असो.

कचेरीत पहिल्या दिवशी शिपाईमामांनी मला आपादमस्तक न्याहाळले. “तू बाबूजीची पोरगी काय वो माय? बाबूजीनं आमाले लय हसवलं.” मला वाटले, माणूस चुकत असावा. पण मग चहाच्या वेळी एकेक जण आपापली आठवण घेऊन येऊ लागला, आणि प्रत्येकाच्या आठवणीत बाबांचा एक विनोद होता.

एक रोखपालांचा. त्यांची जुनी तक्रार अशी, की बाबांचा धर्म सुट्ट्यांच्या बाबतीत अव्यवहारी आहे. “गुड फ्रायडेची सुट्टी मिळते हे ठीक, पण तुमच्या देवाने रविवारी उठायचे काय कारण होते? सोमवारी उठला असता तर सलग चार दिवस मिळाले असते!” त्यावर बाबांचे उत्तर : “रोखपालसाहेब, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी कामावर रुजू झालेला जगाच्या इतिहासातला तो एकच कर्मचारी आहे. म्हणून तर आम्ही त्याला देव मानतो.”

दुसरा बदलीचा. आपल्या जिल्ह्यातल्या वाचकांना हे सांगायला नको, की राज्याच्या बाकी भागात ‘गडचिरोलीला टाकू’ ही धमकी समजली जाते. इथे येणाऱ्याला वरच्या टप्प्याचा पगार मिळतो, तरी येणारा साहेब पहिल्या दिवशी सुतक असल्यासारखा बसतो आणि दुसऱ्या दिवसापासून परतीचे महिने मोजतो. असेच एक साहेब आले. टेबलावर फायलींचा डोंगर, आणि साहेब खिडकीबाहेर बघत आहेत. बाबा म्हणाले, “साहेब, पौलालासुद्धा रोमला बेड्या घालूनच नेले होते. पण त्याने तिथून जी पत्रे पाठवली, ती दोन हजार वर्षे वाचताहेत. आपणही पत्रव्यवहारापासून सुरुवात करू या काय?” साहेबांना पौल कळला की नाही, माहीत नाही. पत्रव्यवहार मात्र सुरू झाला म्हणतात.

इंग्रजी पत्रे कचेरीत नेहमी बाबांच्याच टेबलावर येत. ख्रिस्ती म्हणजे इंग्रजी आलेच पाहिजे, असा एक सार्वत्रिक समज आहे. बाबांचे इंग्रजी माझ्याइतकेच, म्हणजे शब्दकोशाच्या आधाराने चालणारे. ते म्हणत, “अहो, येशू ख्रिस्त घरी अरामी बोलत होता. त्याच्यावर कोणी इंग्रजी पत्रे टाकली नाहीत!”

आणि सर्वांत गाजलेला नाताळचा. दर वर्षी २५ डिसेंबरनंतर बाबा डबाभर करंज्या आणि अनारसे घेऊन जात. (केक कुठे आहे, असे दर वर्षी कोणीतरी विचारी.) एका वर्षी कोणाचे तरी प्रवासभत्त्याचे बिल लेखाशाखेने तिसऱ्यांदा परत पाठवले होते आणि तो मनुष्य अनारसा हातात धरून शिव्या देत होता. बाबा त्याला म्हणाले, “बाबू, आमचा नाताळच मुळी एका सरकारी परिपत्रकामुळे झाला. कैसराचा हुकूम सुटला, ज्याने त्याने आपल्या मूळ गावी जाऊन नावनिशी करावी. योसेफ बिचारा गरोदर बायकोला घेऊन नासरेथहून बेथलेहेमला गेला. मुक्कामाला जागा नाही, गोठ्यात राहिला. त्याचा प्रवासभत्ता मंजूर झाल्याचे चारही शुभवर्तमानांत कुठे लिहिलेले नाही!”

हे सगळे मी घरी येऊन आईला हसत हसत सांगितले. आई आता माझ्याबरोबर गडचिरोलीलाच असते. ती हसली नाही. “देवाच्या नावाने हसवाहसवी करायची म्हणजे काय? ते घरी असे कधी बोलत नव्हते. चर्चमध्ये कोणी ऐकले असते तर?”

इथपासून माझा आणि आईचा जो वाद सुरू झाला, तो या लेखाचा विषय आहे. वाद अजून संपलेला नाही, आणि मी एका बाजूने आहे, हे आधीच सांगून टाकते.

माझे म्हणणे असे. श्रद्धा आणि विनोद यांची आपण उगाच वाटणी करून ठेवली आहे. घरी आणि चर्चमध्ये श्रद्धा, ऑफिसात आणि टपरीवर विनोद. चर्चमध्ये शिरताना आम्ही चेहऱ्याची घडी बदलतो. पाळकसाहेबांच्या उपदेशात कधी हसू फुटले, तर लोक आधी आजूबाजूला बघतात. हे आम्ही शास्त्रातून खचित शिकलेलो नाही. अब्राहामाची नव्वदीची सारा, आपल्याला मूल होणार हे तंबूच्या दाराआडून ऐकते आणि हसते. देव तिला विचारतो, का हसलीस. ती घाबरून नाही म्हणते. पुढे मूल होते, त्याचे नाव इसहाक. इब्री भाषेत त्या नावाचा अर्थच मुळी ‘तो हसतो’ असा आहे. ज्या कुळात आमचा तारणारा जन्मला, त्या कुळाच्या दुसऱ्याच पिढीचे नाव हसू आहे. तरी आम्ही तोंडे पाडून बसतो!

आणि हे मला शास्त्राने शिकवण्याआधी लक्ष्मीबाई टिळकांनी शिकवले. ‘स्मृतिचित्रे’ आपल्यापैकी बहुतेकांनी वाचले असेल. निदान पाठ्यपुस्तकातला उतारा तरी. या पुस्तकाचा आमच्या भागाशीही थोडासा संबंध आहे. नारायण वामन टिळक राजनांदगावला, म्हणजे आपल्या गडचिरोलीच्या पूर्वेच्या मुलखात, नोकरीसाठी जात असताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन गृहस्थाशी त्यांची गाठ पडली आणि त्याने त्यांना नवा करार दिला. तिथून पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईला त्यांचा बाप्तिस्मा झाला. संसार दुभंगला. लक्ष्मीबाई सुमारे पाच वर्षांनी, १९०० साली, स्वतः विचार करून ख्रिस्ती झाल्या. दरम्यान त्यांनी काय सोसले, ते पुस्तकात आहे. पण ते ज्या रीतीने आहे, ती पाहा. नवऱ्याचा शीघ्रकोप, विसराळूपणा, घरातले उचलून वाटून टाकण्याची सवय, वडिलांच्या सोवळ्याचे वेड, स्वतःचे अज्ञान, स्वतःचे हट्ट. सगळे त्या हसत सांगतात. शाळेचे तोंड न पाहिलेली ही बाई, आणि पहिला भाग १९३४ साली निघाल्यापासून आजतागायत मराठी वाचक तिच्याबरोबर हसतो आहे.

गंमत अशी, की महाविद्यालयात आपण लक्ष्मीबाईंचा विनोद घेतो आणि श्रद्धा टाकतो. ‘निर्मळ विनोदबुद्धी’, ‘प्रसन्न शैली’ असे मुद्दे काढून उत्तरपत्रिका भरतो. उलट आमच्या मंडळीत लक्ष्मीबाईंची श्रद्धा घेतात आणि विनोद टाकतात. तिथे त्या केवळ टिळकांच्या साध्वी पत्नी आणि ‘ख्रिस्तायन’ पुरे करणाऱ्या कवयित्री. मला वाटते, दोघांचेही अर्धे अर्धे चुकते. जातिभेद सोडण्याचे बळ त्यांना जिथून मिळाले, तिथूनच टिळकांच्या गबाळेपणावर हसण्याचेही मिळाले. जो देवाच्या हातात निश्चिंत आहे, तोच स्वतःवर इतके मोकळे हसू शकतो. आमच्या प्राध्यापकांना हे विधान धाडसाचे वाटेल. परीक्षेत मी ते लिहिणार नाही.

हे सारे मी आईपुढे मोठ्या आवेशाने मांडले. आई भाजी निवडत होती. ती म्हणाली, “लक्ष्मीबाईंचे मला माहीत नाही. तुझ्या बाबांचे माहीत आहे. ते हसवत, कारण दुसऱ्याने हसण्याआधी आपण हसलेले बरे. तू तेव्हा लहान होतीस.”

मग तिने मला तांदळाची गोष्ट सांगितली.

ती गोष्ट सांगण्याआधी चांद्याच्या ख्रिस्ती लोकांविषयी दोन शब्द. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या एपिस्कोपल मंडळीचे मिशन चांद्याला आले. १९७० साली नागपूरला ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले, तेव्हा ती जुनी मंडळी त्यात सामील झाली, आम्ही तिथले. बल्लारपूरला सायरो-मलबार कॅथॉलिकांचे चांदा धर्मप्रांताचे मुख्य ठाणे आहे. तो धर्मप्रांत १९७७ सालचा, आणि त्याचे धर्मगुरू मूळचे बहुतेक केरळचे. शिवाय कोळशाच्या खाणींवर आणि कागद गिरणीत कामाला आलेले तेलुगू, तामिळ ख्रिस्ती आहेत. कचेरीतल्या लोकांना हे सगळे सारखेच. आम्ही आपसांत इतके निराळे आहोत की एकमेकांच्या लग्नात वाढायचे काय, यावरही एकमत होत नाही. पण टोमणा मारायचा झाला की तो सगळ्यांना एकच असतो : तुम्ही तांदळासाठी बाटलात.

बाबा नोकरीला नवीन असताना एका वरिष्ठांनी सर्वांदेखत त्यांना विचारले, “काय हो, तुमच्या पणजोबांना किती पायली तांदूळ मिळाला?” कचेरी स्तब्ध झाली. बाबा म्हणाले, “साहेब, झाडीपट्टीत राहून तांदळासाठी कोणी धर्म बदलतो काय? आमच्याकडे तांदळाशिवाय दुसरे पिकते काय? गव्हासाठी बदलला म्हणा, लोकांना पटेल तरी!” सगळे हसले. साहेबही हसले. हा विनोद शिपाईमामांनी मलाही सांगितला होता, आणि मी पोट धरून हसले होते.

आईने त्यापुढचे सांगितले. त्या शनिवारी बाबा घरी आले आणि प्रार्थनेच्या वेळी त्यांना शास्त्र वाचवेना. पुस्तक तसेच उघडे ठेवून ते आईला म्हणाले, “माझ्या आजोबांचे वडील १९०० च्या दुष्काळात पोरके झालेले पोर होते. मिशनच्या लोकांनी त्याला भात घातला, हे खरे आहे. त्याला भूक लागली होती. भूक लागणे हा गुन्हा आहे काय?” एवढे बोलून त्यांनी पुस्तक मिटले.

आई म्हणाली, “आता सांग, तो विनोद होता काय?”

मला लगेच उत्तर देता आले नाही. पण पुष्कळ दिवस विचार करून मी आता असे म्हणते, की होता. तो विनोदच होता आणि ती दुखापतही होती. दुखापत लपवण्यासाठी विनोद केला, असे आई मानते. मला वाटते, वरिष्ठाला उलटे दुखवायचे नव्हते, खोटेही बोलायचे नव्हते आणि मान खालीही घालायची नव्हती. या तिन्ही गोष्टी एकदम साधायला बाबांजवळ दुसरे काय होते? त्यांनी ‘आम्हाला तांदूळ मिळाला नाही’ असे कुठे म्हटले? नीट पाहा, म्हटलेले नाही.

जातीच्या रकान्यावरचा त्यांचा विनोदही याच जातीचा. (श्लेष अनाहूत आहे, राहू द्या.) १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची यादी ठरली ती हिंदूंपुरती, १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती झालेला दलित आजही त्यात नाही. गोंड माणूस ख्रिस्ती झाला तर तो अनुसूचित जमातीतच राहतो, हे विशेष. कचेरीत अर्ज तपासताना हा घोळ नेहमीचा. बाबा म्हणत, “बाप्तिस्म्याच्या पाण्याने जात धुऊन निघते, हे गावाला मान्य नाही, सोयऱ्यांना मान्य नाही, खरे सांगायचे तर आमच्या मंडळीलाही अजून मनापासून मान्य नाही. यावर पूर्ण विश्वास असलेले एकच ठिकाण आहे : भारत सरकार!”

यावर आईसुद्धा हसली. पण नंतर डोळे पुसले, तेही सांगितले पाहिजे.

आता पिलात.

२०१८ साली गुड फ्रायडे ३० मार्चला आला. आदल्या दिवशी महावीर जयंती, म्हणजे लागोपाठ दोन सुट्ट्या, आणि शनिवारी ३१ मार्च. ज्यांच्या घरी सरकारी नोकर आहे, त्यांना ३१ मार्च म्हणजे काय ते समजावून सांगायला नको. कोषागारात देयके गेली नाहीत तर निधी परत जातो. सुट्टी कागदावर राहिली आणि कचेरी भरली. त्या दिवशी चर्चमध्ये बारा ते तीन क्रुसावरील सात उद्गारांची उपासना असते. आमच्या आठवणीत बाबांची ती उपासना पहिल्यांदाच चुकली. आई त्या वेळी चार दिवस त्यांच्याशी धड बोलली नव्हती.

पुढचे शिपाईमामांनी सांगितलेले. दुपारी सगळ्यांसाठी भजी आली, चहा आला. बाबांचा उपास; त्यांनी काही घेतले नाही. कोणीतरी सहज विचारले, “बाबूजी, आजच्या दिवशी तुमच्यात नेमके झाले काय होते?” देयकांचा गठ्ठा बांधता बांधता बाबांनी सांगितले, आणि त्यांना ज्या भाषेत सांगता येत होते त्या भाषेत सांगितले.

एक प्रकरण होते. रात्रीतून दाखल झाले. पहिल्या कार्यालयाने, म्हणजे याजकांच्या सभेने, निर्णय मनात ठरवला. पण देहदंडाचे अधिकार आम्हाला नाहीत म्हणून प्रकरण सक्षम प्राधिकाऱ्याकडे, पिलाताकडे, सादर केले. पिलाताने कागद पाहिले. आरोपात तथ्य नाही, हे त्याला तिथल्या तिथे कळले. सही करून माणूस मोकळा करायचा, एवढेच काम. पण बाहेर जमाव, वर कैसर. तेवढ्यात त्याला समजले की माणूस गालीलचा आहे. गालील हेरोदाच्या कार्यक्षेत्रात! पिलाताला हायसे वाटले. प्रकरण अभिप्रायार्थ हेरोदाकडे. हेरोदाने प्रश्न विचारले, थट्टा केली, अंगावर झगमगीत झगा घातला आणि प्रकरण मूळ कार्यालयाला परत. अभिप्राय काही नाही. लूक लिहितो, की पूर्वी या दोन अधिकाऱ्यांत वैर होते. त्या दिवसापासून ते मित्र झाले. शेवटी पिलाताने पाणी मागवून हात धुतले.

“मग?” रोखपालांनी विचारले.

“मग काय, प्रकरण निकाली निघाले. कुठेही नियमाचा भंग नाही. माणूस तेवढा गेला.”

शिपाईमामा म्हणतात, त्यावर कोणी हसले नाही, पण सोमवारी कामावर आल्यावर मोठ्या बाबूंनी एक फाइल दुसऱ्या कार्यालयाकडे रवाना करायला दिली, तेव्हा रोखपाल ओरडले, “बाबूजी, ही पिलात झाली बरं काय!” आणि मग सगळे हसले. तेव्हापासून तो शब्द आहे. (मधला रविवार ईस्टरचा होता, आणि त्या वर्षी तो १ एप्रिलला आला होता, यावरही बाबांचा काहीतरी विनोद होता म्हणतात. तो कोणाला नीट आठवत नाही. मला राहून राहून त्याची हळहळ वाटते.)

ही गोष्ट मी आईला सांगितली, तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे त्या दिवशी त्यांची उपासना झाली म्हणायची.” या वादात आईने मला दिलेला हा एकमेव गुण. मी तो जपून ठेवला आहे.

इथे लेख संपवता आला असता. बाबा थोर, विनोद थोर, असे म्हणून. पण गेल्या महिन्यातली एक गोष्ट राहून जाईल.

धानोऱ्याच्या पलीकडून एक म्हातारे गृहस्थ आले होते. प्लास्टिकच्या पिशवीत कागद, वर रबर. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली त्यांना जमिनीचा पट्टा मिळालेला आहे. पण पट्ट्यावर त्यांच्या नावात एक काना कमी आणि आधार कार्डावर एक जास्त. गोंडी नाव, मराठी कारकुनाने कानाने ऐकून लिहिलेले. त्या एका कान्यापायी त्यांचे पुढचे प्रत्येक काम अडते. आमच्या बाबूंनी सांगितले, “बाबाजी, आधी नाव दुरुस्त करून आणा.” म्हातारे शांतपणे म्हणाले, “नाव तुमच्या मनानं ठेवा साहेब. जमीन तेवढी माही राहू द्या.”

सगळी कचेरी खो खो हसली. मीही हसले. विनोद अव्वल होता, बाबांच्या तोडीचा. आणि हसता हसता मी त्या अर्जावर ‘अभिप्रायार्थ सादर’ असे टंकले, सही घेतली, जावक क्रमांक टाकला. म्हातारे गृहस्थ हसले नव्हते, हे मला ते पायऱ्या उतरताना दिसले.

शिपाईमामा टपालाची पिशवी घेऊन आले, पाकिटावरचा पत्ता वाचला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “पिलात झाला, माय.”

त्या रात्री मला आईचे म्हणणे पुन्हा ऐकू आले. तांदळाचा विनोद ऐकून हसलेली ती कचेरी आणि काना ऐकून हसलेली ही कचेरी, यांत काय फरक? बाबा साहेबांवर हसत, स्वतःवर हसत, आमच्या मंडळीवर, प्रत्यक्ष देवाच्या कारभारावरही हसत. इतक्या लोकांनी मला इतके विनोद सांगितले. पण खिडकीसमोर कागद घेऊन उभ्या असलेल्या माणसावर केलेला एकही नव्हता. हे मी मुद्दाम पुन्हा एकदा सगळ्यांना विचारून घेतले. रोखपालांनी बराच वेळ आठवून पाहिले आणि म्हणाले, “नाही बुवा.”

अभिप्राय अजून आलेला नाही. मी एक स्मरणपत्र पाठवले, दुसरे पाठवले. आता येत्या सोमवारी किरकोळ रजा टाकून स्वतःच त्या कार्यालयात जाऊन बसणार आहे. म्हाताऱ्या गृहस्थांनाही तिथेच बोलावले आहे. मोठे बाबू म्हणाले, “जा, पण हा काही अधिकृत दौरा नाही, प्रवासभत्ता मिळायचा नाही.”

योसेफालाही मिळाला नव्हता, असे मी त्यांना सांगितले.